तिरका उजेड

साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या खिशात काय असतं, हे ओतूरच्या बाजारात आलेल्या कुणाही म्हाताऱ्याला विचारावं. चंची आणि चुन्याची डबी ही जुनी मंडळी. त्यांच्या जोडीला आता बोटभर लांबीची बॅटरी, मिटवता येणारं भिंग, काटा काढायचा चिमटा, मोटरच्या पेटीसाठी टेस्टर आणि गोंड्याच्या दोरीला अडकवलेली चाळिशी. माझ्या बंडीच्या दोन्ही खिशांत हाच ऐवज आहे. ऐन उमेदीत यातला टेस्टर सोडून काही लागत नव्हतं. काटा नखानं निघायचा, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर चालता चालता वाचता यायचं आणि रात्री बांधावरून जाताना पायाला वाट माहीत असायची.

आमच्याकडचा अंधार अजून खरा अंधार आहे. गावठाणात, पेठेत, कल्याण-नगर महामार्गावर दिवे आहेत. मांडवी नदीच्या कडेनं मळ्याकडे वळलं की दोन्ही बाजूंनी ऊस आणि मध्ये गाडीवाट. पंपाची लाईट पाळीनं येते. कधी दिवसा, कधी रात्री. पाळी रात्रीची असेल तर कांद्याला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. त्या वाटेवर दोन धोके ठरलेले. एक बिबट्या, जो जुन्नर-आंबेगावच्या उसात पिढ्यान् पिढ्या वाढतो आहे. दुसरा साप, आणि त्यातही घोणस. नागाला चाहूल लागली की तो बहुधा निघून जातो. घोणस जागची हलत नाही, आणि तिच्या अंगावरचे तपकिरी ठिपके पाचटात मिसळून जातात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यातली निम्मी पावसाळ्यात, आणि बहुतेक खेड्यांत. हे आकडे वाचल्यापासून बॅटरीला मी चैनीची वस्तू मानत नाही.

वय झालं की डोळ्यात नेमकं काय होतं, हे समजून घेतलं तर पुष्कळ चिडचिड वाचते. बाहुली लहान होते आणि अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही. आतलं भिंग, कंदिलाची काच काजळावी तसं, वर्षागणिक पिवळट होत जातं. दोन्हींचा परिणाम असा की एकाच दिव्याखाली विशीतला पोरगा आणि साठीतला माणूस शेजारी बसले, तरी म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या पडद्यावर पोराच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. नातू म्हणतो, ‘आजोबा, दिवा तर लागलाय की!’ त्याच्यासाठी लागलेला असतो. त्याच खोलीत माझ्यासाठी सांजवेळ असते.

त्यात भिंगाची लवचीकता जाते. दहा वर्षांच्या मुलाला नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षरही स्पष्ट दिसतं. पन्नाशीत तेच अक्षर हातभर लांब धरावं लागतं. आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे सरावायला तरुणांनाही अर्धा तास लागतो, आम्हाला त्याहून जास्त. म्हणून मी घरातून निघाल्यावर आधी पडवीत थोडा वेळ थांबतो, मग वाटेला लागतो. महामार्गावरून येणाऱ्या गाडीचा पांढराफटक झोत डोळ्यांवर आला, की पुन्हा पहिल्यापासून थांबायचं.

या सगळ्यावर बॅटरी कशी लागू पडते? उजेड वाढतो हे एक कारण, पण तेवढंच नाही. तेज उजेडात बाहुली बारीक होते, आणि बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं-लांबचं दोन्ही रेखीव दिसतं. डोळे किलकिले करून पाटी वाचणारा माणूस अजाणता हेच करत असतो. त्यामुळे चाळिशी घरी राहिली, तरी अक्षरावर चांगला झोत पाडला तर पुष्कळदा ते वाचता येतं. खिशातली बॅटरी अडीनडीला चष्म्याचंही काम करते.

पण मला खरं बोलायचंय ते उजेड कुठून पाडायचा, याविषयी. गेल्या काही वर्षांत कपाळाला बांधायच्या बॅटऱ्या आल्या. हात मोकळे राहतात, मोटरच्या पेटीत फ्यूज बघताना त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण वाटेवर चालताना त्या फसवतात. उजेड डोळ्यांजवळूनच निघाला, की ज्या वस्तूवर तो पडतो तिची सावली त्या वस्तूच्या मागेच लपते आणि आपल्याला दिसत नाही. खड्डा, ढेकूळ, वाटेवर पडलेली ठिबकची नळी, वेटोळं घातलेलं जनावर, सगळं एकाच सपाट रंगाचं होतं. तीच बॅटरी हातात घेऊन गुडघ्याच्या उंचीवर धरा आणि झोत जमिनीलगत पुढे सोडा. लगेच प्रत्येक खड्याला सावली फुटते. बोटभर उंचीचा दगड हातभर लांब सावली टाकतो. मंदावलेल्या डोळ्याला रंगातला बारीक फरक कळत नाही, पण काळी सावली कळते. घोणस पाचटाच्या रंगाची असली, तरी तिची सावली पाचटाच्या रंगाची नसते.

बिबट्याचं उलटं आहे. त्याच्या डोळ्यांच्या तळाशी उजेड परतवणारा थर असतो, आणि तो उजेड आला त्याच दिशेला माघारी जातो. तुमचा दिवा डोळ्यांच्या पातळीवर असेल, तरच ती चमक तुम्हाला दिसणार. म्हणून कपाळावर एक आणि हातात एक, अशा दोन बॅटऱ्या घेऊन आमच्याकडची जाणती माणसं निघतात. वरची उसाच्या कडेनं लांबवर फिरवायची, खालची पायांपुढे. जोडीला घुंगरांची काठी आणि खिशात मोबाईलवर लावलेलं भजन, कारण माणूस येतोय हे बिबट्याला आधीच कळलेलं त्याच्या आणि आपल्या, दोघांच्याही हिताचं. मोबाईलची बॅटरी मात्र मळ्यात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिचा उजेड पसरट, तिच्या पडद्याचा झगझगाट डोळ्यांत, आणि ओल्या हातातून निसटली तर पाटातच.

हेच तिरक्या उजेडाचं शास्त्र घरात औषधाच्या पट्टीवर चालतं. गोळ्यांच्या चंदेरी पट्टीवर मुदतीची तारीख बऱ्याचदा शाईनं छापलेली नसते, नुसती कडेला दाबून उठवलेली असते. खिडकीत धरा, दिव्याखाली धरा, चंदेरी कागद चकाकतो आणि आकडे विरून जातात. बॅटरी पट्टीच्या कडेला आडवी टेकवली की आकड्यांच्या उंचवट्यांना सावली येते आणि महिना, साल, सगळं वर येतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येक घरात ही युक्ती माहीत असायला हवी. औषध कंपन्यांनी तारीख काळ्या ठळक शाईत छापावी ही मागणी रास्तच आहे. ती पुरी होईपर्यंत बॅटरी आडवी धरायची.

हाच तिरका उजेड नाणेघाटातही कामी आला. नाणेघाट आमच्याच जुन्नर तालुक्यात. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख भिंतीत कोरलेला आहे. १८२८ मध्ये कर्नल साइक्स यांनी तो पाहिला, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यावर अपार कष्ट घेतले, आणि १८८३ मध्ये ब्यूलर यांनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. राजघराण्यानं केलेल्या यज्ञांची यादी त्यात आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंचे, कार्षापणांचे आकडे आहेत. भारतीय अंकांच्या अगदी जुन्या पुराव्यांत त्या आकड्यांची गणना होते. नातवाला घेऊन मी तिथे गेलो, तेव्हा त्यानं समोरून मोबाईलचा उजेड मारला आणि म्हणाला, ‘इथं तर काहीच नाही, नुसता खडबडीत दगड.’ मी बॅटरी भिंतीलगत आडवी धरली. अक्षरांच्या खाचांत काळोख भरला आणि ओळीच्या ओळी उभ्या राहिल्या. झिजलेले शिलालेख वाचणारे अभ्यासक असाच बाजूचा उजेड वापरतात. दोन हजार वर्षांच्या दगडावरचे आकडे आणि सकाळच्या गोळीवरचे आकडे एकाच रीतीनं वाचता येतात, याचा मला अजून आनंद वाटतो.

जिथे वाचण्यात चूक झाली तर जिवावर बेतेल, अशी अक्षरं शेतकऱ्याच्या घरात फार. कीटकनाशकाच्या बाटलीवर रंगीत खूण असते. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य तो हिरवा. रंग निदान दिसतो. पण पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली, हे मुंगीएवढ्या अक्षरांत. भिंग आणि बॅटरी यांचं लग्न इथे लागतं. इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची अशा दोन्ही बाटल्या मिळतात, आणि त्यांच्या सिरिंजा वेगळ्या. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. पिवळावलेल्या डोळ्याला, पिवळ्या दिव्याखाली, लाल आणि नारिंगी यांत फरक करायला सांगणं किती कठीण, हे ज्यानं योजलं त्याच्या ध्यानात आलं नसावं. आमच्या घरी ही सिरिंज भरायचं काम माझं आहे. ते मी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आणि शिवाय बॅटरी घेऊनच करतो. टोपणावर भरवसा ठेवत नाही, आधी आकडा वाचतो.

आमच्या वडिलांच्या पिढीकडे पत्र्याची, तीन सेलची लांब बॅटरी असे. मागच्या झाकणात जादा बल्ब ठेवलेला. सेल मंद झाले की ते उन्हात वाळत घालायचे आणि आणखी काही रात्री काढायच्या. ती बॅटरी खुंटीला असे, आणि घरात एकच. तिला हात लावायचा तर वडीलधाऱ्यांना विचारावं लागे. आज शंभर-दोनशे रुपयांत चार्जिंगची बॅटरी मिळते, ज्याची त्याच्या खिशात. शक्य असेल तर तिचा उजेड निळसर पांढरा न घेता थोडा पिवळसर घ्यावा. निळा उजेड म्हाताऱ्या भिंगात जास्त विखुरतो आणि डोळे दिपतात.

सूनबाई म्हणते, ‘आबा, रात्रीचं मळ्यात कशाला जाता? पोरं आहेत ना.’ तिचं म्हणणं मायेचं आहे आणि अर्धं खरंही आहे. पावसात, एकट्यानं, मी जात नाही. पण न दिसणाऱ्या माणसाला घरातली माणसं हळूहळू कामातून काढतात. आधी रात्रीचं दारं धरणं, मग साठवणीच्या बराखीतला सडका कांदा निवडणं, मग औषधाचं माप, मग पावती वाचणं. प्रत्येक वेळी कारण प्रेमाचं असतं. आणि प्रत्येक वेळी त्या माणसाला आणखी एक गोष्ट दुसऱ्याला विचारावी लागते. बराखीच्या फटीतून झोत घालून, आत काजळी धरलेला कांदा कुठे आहे ते जोवर मला शोधता येतं, तोवर ते काम माझं. म्हाताऱ्याला जपायचं असेल तर त्याच्या हातून काम काढण्याआधी त्याच्या हातात चांगला दिवा द्यावा, जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा ओढून द्यावा. दोन भिंगांचा चष्मा लावून खाली पाहताना वाचायचा भाग आड येतो आणि पायरी धूसर होते. कितीतरी म्हातारी माणसं अशीच पडतात.

बॅटरीला एक मर्यादा आहे, आणि ती नीट सांगितली पाहिजे. वाढत्या वयाच्या डोळ्याला उजेड मदत करतो, आजारी डोळ्याला करेलच असं नाही. मोतीबिंदू भिंगाच्या मधोमध असेल, तर तेज उजेडात बाहुली आकसते आणि पाहण्याची सगळी वाट नेमकी त्या डागातूनच जाते. अशा माणसाला भर उन्हात किंवा प्रखर झोतात कमी दिसतं, तिन्हीसांजेला बरं दिसतं. बॅटरी लावल्यावर अक्षर विरघळू लागलं, तर मोठी बॅटरी आणायची नाही, डॉक्टर गाठायचा. काचबिंदू त्याहून दगाबाज. तो बहुधा दुखत नाही, समोरचं अक्षर शेवटपर्यंत शाबूत ठेवतो आणि बाजूची नजर कडेकडेनं खात येतो. गेलेली नजर परत येत नाही. त्याच्यावर कुठल्याच दिव्याचा उपाय नाही. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब वेळोवेळी तपासून घेणं, एवढाच आहे.

आमच्या भागाचं भाग्य असं की त्यासाठी पुण्याला जावं लागत नाही. नारायणगावला डॉ. मनोहर डोळे यांनी मोहन ठुसे नेत्ररुग्णालय उभं केलं आणि खेडोपाडीच्या, आदिवासी पट्ट्यातल्या गरिबांच्या शस्त्रक्रिया केल्या. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या यादीत आपल्याकडचं नाव पाहून या तालुक्यात किती घरांना आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं असेल! माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा भिंग नुसतं काढून टाकत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची सुरुवात लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये केली खरी, पण ते आमच्या शिवारात पोचायला काही दशकं गेली. तोवर आजीसारख्या बायका बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा लावून चुलीपुढे बसत.

माझ्या उजव्या डोळ्यात आता तसं भिंग आहे. पट्टी निघाली तेव्हा आकाशाचा निळा रंग किती वर्षं पिवळट पाहत होतो ते कळलं. डाव्या डोळ्याची पाळी पावसाळ्यानंतर. शेजारी विचारतात, आता बॅटरी-भिंग कशाला बाळगता? बसवलेलं साधं भिंग एकाच अंतरावर रोखलेलं असतं, लांबचं लख्ख, जवळचं नाही. म्हणून चाळिशी राहिली. आणि अंधार तर अंधारच आहे. उलट, फवारणीच्या दिवसांत वाडीतली माणसं बाटल्या घेऊन माझ्याकडे येतात, ‘आबा, एवढं माप बघा.’ मी बॅटरी काढतो, भिंग उघडतो, माप वाचून सांगतो, आणि त्यांनाही एकदा स्वतः वाचायला लावतो.