दुकान बंद ठेवण्याचा दिवस

रिडो कालवा जेथे ओटावा नदीला मिळतो, तेथील उंच टेकडीवर कॅनडाच्या संसदेच्या दगडी इमारती उभ्या आहेत. मधल्या मुख्य इमारतीचे जीर्णोद्धाराचे काम दीर्घकाळ चाललेले असल्याने 2019 पासून लोकप्रतिनिधींचे सभागृह पश्चिमेकडील इमारतीत भरते आणि वरिष्ठ सभागृह जवळच्याच एका जुन्या रेल्वेस्थानकात. 1912 साली बांधलेल्या या स्थानकात एकेकाळी उतारू सामानसुमान घेऊन गाडीची वाट पाहत; आज तेथे कायद्यांचे मसुदे आपल्या पाळीची वाट पाहतात.

याच जुन्या स्थानकात 27 मे 2025 रोजी राजे चार्ल्स तिसरे यांनी नव्या सरकारचे धोरण सांगणारे भाषण वाचले. एरवी हे काम गव्हर्नर जनरल करतात. राजमुकुटधारकाने स्वतः ते वाचण्याचा प्रसंग 1977 नंतर प्रथमच आला. पंतप्रधान मार्क कार्नी हे मूळचे अर्थतज्ज्ञ. कॅनडा आणि इंग्लंड या दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नरपद त्यांनी भूषवलेले; मात्र मार्चमध्ये पंतप्रधानपदाची शपथ घेईपर्यंत कोणतीही सार्वत्रिक निवडणूक त्यांनी लढवलेली नव्हती. एप्रिलच्या निवडणुकीत त्यांच्या लिबरल पक्षाला 343 पैकी 169 जागा मिळाल्या. बहुमताला तीन कमी! हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर पेढी उघडली, पण भांडवलात थोडी तूट राहिली.

अशा सरकारविषयी लोक काय बोलतात, हे ऐकायचे तर संसदेच्या प्रेक्षागृहापेक्षा कॉफीचे दुकान बरे. सकाळच्या रांगेत निवृत्त कारकून, टॅक्सीचालक, विद्यार्थी आणि दुकानदार शेजारीशेजारी उभे असतात. बोलणे हवामानापासून सुरू होते आणि घरांच्या किमती, अमेरिकेने लादलेले आयातशुल्क, किराण्याचा वाढता खर्च या वळणांनी सरकारपर्यंत पोहोचते. त्या वर्षी हॉकीच्या मैदानातून आलेली ‘कोपरे वर’ ही घोषणा तोंडोतोंडी झाली होती आणि दुकानांच्या फळ्यांवर स्वदेशी मालापुढे मेपलच्या पानाच्या चिठ्ठ्या लागल्या होत्या. मतभेद तीव्र असतात, पण आवाज सहसा चढत नाही.

या गप्पांत एक विषय मात्र कोणतेही सरकार आले तरी पुन्हा पुन्हा निघतो, आणि तो व्यापारी माणसाच्या थेट जिव्हाळ्याचा आहे. वर्षातून कोणत्या दिवशी दुकान बंद ठेवायचे, आणि त्या दिवसाचा पगार कोणी सोसायचा?

कॅनडात सुट्टी जाहीर करण्याचा अधिकार एकाच हाती नाही. बँका, विमानसेवा, टपाल आणि आंतरप्रांतीय रेल्वे यांना केंद्राचा कायदा लागू होतो. बाकी बहुतेक दुकाने आणि कारखाने आपापल्या प्रांताचा कायदा पाळतात. ऑन्टारिओ प्रांतात वर्षाला नऊ सार्वजनिक सुट्ट्या आहेत. सुट्टीपूर्वीच्या चार कामाच्या आठवड्यांचे नियमित वेतन एकत्र करून त्याला 20 ने भागले की ढोबळमानाने एका सुट्टीचे वेतन निघते. चार आठवड्यांत 3,000 डॉलर मिळवणाऱ्या नोकराला घरी बसून 150 डॉलर मिळतात. त्या दिवशी त्याला बोलावले, तर बहुधा त्यावर कामाच्या तासांचे दीडपट वेतनही द्यावे लागते. म्हणूनच 2008 साली फेब्रुवारीतील तिसरा सोमवार ‘कुटुंब दिन’ म्हणून प्रथम पाळला गेला, तेव्हा एकाच घटनेची नोंद नोकराच्या वहीत जमेला आणि मालकाच्या वहीत खर्चाला पडली.

कष्टकऱ्याच्या विश्रांतीमागे झगडा आहे, हेही तेथे विसरले जात नाही. 1872 मध्ये टोरोंटोच्या छापखान्यांतील कामगारांनी कामाचे तास नऊ असावेत म्हणून संप केला आणि त्यांच्या पुढाऱ्यांना अटक झाली. त्याच वर्षी कामगार संघटनांना कायदेशीर मान्यता मिळाली आणि 1894 पासून सप्टेंबरचा पहिला सोमवार कामगारांच्या नावाने सुट्टीचा झाला.

रविवारची कथा आणखी बोधप्रद आहे. 1906 च्या कायद्याने रविवारी व्यापार करण्यास मनाई होती, आणि कारण धार्मिक होते: तो प्रभूचा दिवस. 1982 साली कॅल्गरीतील ‘बिग एम ड्रग मार्ट’ या दुकानाने रविवारी विक्री केली, खटला झाला आणि 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरवला. एका धर्माचा विश्रांतिवार साऱ्यांवर कायद्याने लादणे हा धर्मस्वातंत्र्याचा भंग आहे, असा निर्णयाचा गाभा होता. पुढच्याच वर्षी त्याच न्यायालयाने सर्वांना एकत्र विसावा मिळावा या लौकिक हेतूने केलेला ऑन्टारिओचा कायदा मात्र उचलून धरला. दुकान बंदच राहिले. पण ते का बंद, या प्रश्नाचे उत्तर बदलले.

1 जुलै हा राष्ट्रदिन. 1867 साली त्या दिवशी संघराज्य स्थापन झाले. त्याचे ‘डोमिनियन डे’ हे जुने नाव 1982 मध्ये, मोजकेच सदस्य हजर असलेल्या सभागृहात काही मिनिटांत बदलून ‘कॅनडा डे’ झाले. ते योग्य झाले की नाही, यावर वयस्क मंडळी आजही वाद घालतात. 2025 च्या या दिवसापूर्वी प्रांताप्रांतांतील व्यापाराचे केंद्रीय अडसर दूर करण्याचे वचन नव्या सरकारने दिले होते, आणि 26 जूनला त्यासंबंधीच्या कायद्याला मंजुरी मिळाली. ओटावात त्या दिवशी लाल-पांढऱ्या कपड्यांतील गर्दी लोटते. क्विबेकमध्ये मात्र खरा उत्साह 24 जूनच्या आपल्या सणाला. 1 जुलैला तेथील कितीतरी कुटुंबे भाड्याचा करार संपल्याने घर बदलत असतात. न्यूफाउंडलंडमध्ये त्याच दिवशी सकाळी ध्वज अर्ध्यावर असतो. 1 जुलै 1916 रोजी फ्रान्समधील बोमाँ-हामेल येथे त्या बेटाचे सुमारे 800 सैनिक चालून गेले. दुसऱ्या दिवशीच्या हजेरीला उत्तर देणारे अवघे 68 उरले होते. तेथे सकाळ शोकाची आणि दुपार आनंदाची असते.

सर्वांत गंभीर सुट्टी 30 सप्टेंबरची. मूलनिवासींच्या सुमारे दीड लाख मुलांना पिढ्यान्‌पिढ्या घरापासून तोडून वसतिशाळांत ठेवले गेले. त्यांची भाषा आणि नाव हिरावले गेले. एका सहा वर्षांच्या मुलीचा, आजीने घेऊन दिलेला नारिंगी सदरा पहिल्याच दिवशी काढून घेण्यात आला. म्हणून त्या दिवशी लोक नारिंगी सदरे घालतात. 11 जून 2008 रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत उभे राहून देशाच्या वतीने क्षमा मागितली. चौकशी आयोगाने 2015 मध्ये केलेल्या 94 शिफारशींत अशा एका दिवसाची मागणी होती आणि 2021 मध्ये केंद्राने तो मान्य केला. ब्रिटिश कोलंबियासारख्या काही प्रांतांनी तो स्वीकारला, ऑन्टारिओने नाही. त्यामुळे ओटावाच्या एकाच रस्त्यावर बँक बंद आणि शेजारचे किराणा दुकान उघडे, असे दृश्य दिसते. आणखी एका दिवसाचा खर्च छोट्या दुकानदाराने का उचलावा, असे एक विचारतो. एका दिवसाची विक्रीही सोडायची नसेल, तर क्षमेला मोल ते काय, असे दुसरा म्हणतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

भाद्रपदात ‘मिच्छामि दुक्कडं’ किंवा ‘उत्तम क्षमा’ म्हणणाऱ्या घरांना हा प्रश्न परका वाटू नये. कॅनडात स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांच्या पर्वांना सरकारी सुट्टी नाही, दिवाळीलाही नाही. धर्मपालनासाठी रजा मागणाऱ्या नोकराची मालकाने शक्य तितकी सोय करावी, असे मानवाधिकाराचे कायदे सांगतात, पण स्वतःच मालक असलेल्या दुकानदाराने रजा कोणाकडे मागावी? सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याला जुलैत ओटावात रात्री पावणेनऊपर्यंत सवड मिळते. डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा तो गिऱ्हाइकांच्या गर्दीतच डबा उघडतो. कायद्याच्या पंचांगात त्याच्या नियमाची नोंद नाही. तो नियम त्यानेच सांभाळायचा.

सरकारे येतात, भाषणे होतात, सुट्ट्यांची नावे बदलतात. संवत्सरीच्या सकाळी त्या दुकानाचे शटर खालीच असते आणि काचेवर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: ‘आज दुकान बंद.’ त्या दिवसाचा खर्च कोणी सोसायचा, हा वाद त्या दारात होत नाही. मालकाने तो आधीच स्वतःच्या नावे मांडलेला असतो.