बादलीस लाथ

इंग्रजी वाक्संप्रदायांची घोकंपट्टी ज्याने विद्यार्थीदशेत केली नाही, असा सुशिक्षित वाचक विरळाच. 'कुत्री-मांजरे पडत आहेत' म्हणजे पाऊस जोराचा आहे, हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांस हसू आवरेना. आम्ही ते बदलापूरच्या मामांना सांगितले. उल्हास नदीच्या पुराकडे पाहत ते म्हणाले, "अरे, आपला पाऊस मुसळधार. मुसळे पडताना तू कधी पाहिलीस?"

मामांचा टोला वर्मी लागला. पण त्यातून घ्यावयाचा बोध आम्ही घेतला नाही. अंबरनाथच्या बिऱ्हाडी एक पुस्तिका होती. तिच्यात डावीकडे इंग्रजी प्रयोग व उजवीकडे मराठी अर्थ. ती आम्ही मुखोद्गत केली. तिच्यातच होते : 'किक द बकेट – मरणे'.

पुढे कॉलेजात असताना उल्हासनगरच्या एका सिंधी स्नेह्याचे वडील वारले. फाळणीनंतर घरदार सिंधेत टाकून जे हजारो लोक कल्याणच्या लष्करी छावणीत आले, त्यांपैकीच ते. त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. आम्हांस सिंधी येत नव्हते, स्नेह्यास मराठी बेताचेच. सबब सांत्वनपत्र इंग्रजीत लिहिले, आणि त्यात तो प्रयोग मोठ्या ऐटीत योजला. आपली विद्वत्ता दिसावी, हा सुप्त हेतू होताच!

पत्राचे उत्तर आले नाही. महिन्याने गाडीत भेट झाली, तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत इतकेच म्हणाला, की आईला इंग्रजी वाचता येत नाही हे बरे झाले.

ग्रोस नामक इंग्रजाने १७८५ साली छापलेल्या बाजारी भाषेच्या कोशात हा प्रयोग आहे, हे पुष्कळ पुढे आमच्या वाचनात आले. गुत्त्यात शोभणारे शब्द आम्ही दुखवट्याच्या घरी धाडले होते! पुस्तिकेने अर्थ खोटा सांगितला नव्हता. तो कोणी, कोणापाशी, कोणत्या वेळी उच्चारावा, एवढेच सांगितले नव्हते. 'देवाज्ञा झाली', 'वारले', 'गेला', 'खपला' यांचाही अर्थ एकच. पण शेजारच्या घरी प्रेत असता 'खपला' म्हणणाऱ्यास आपण अडाणी म्हणत नाही, निर्दय म्हणतो.

ती पुस्तिका आता आमच्या नातीच्या हाती आहे. 'मरणे' या शब्दापुढे आम्ही पेन्सिलीने लिहून ठेवले आहे : 'ज्याच्या घरी मरण आले, त्यास लिहू नये.'