माणूस आपला, पण स्लॅब गळका

आपल्या वस्त्यांमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येते: "समाजाचाच माणूस आहे, सांभाळून घ्या." जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मागितला की हे वाक्य येते. निवडून दिलेल्या नगरसेवकाला जाब विचारला की येते. घराचे काम निकृष्ट झाले, तरी तेच येते. यातल्या शेवटच्या प्रकाराचा अनुभव आम्ही नुकताच घेतला. त्यावरचे आमचे म्हणणे तरुणांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

आमचे घर मराठवाड्यात, शहराबाहेरच्या एका नव्या वसाहतीत आहे. आजोबांचे घर पत्र्याचे होते, वडिलांचे आयुष्य भाड्याच्या खोल्यांत गेले. तीन पिढ्यांतले हे पहिले स्लॅबचे घर, तेही बँकेचे 20 वर्षांचे कर्ज काढून. काम चळवळीतल्याच एका ठेकेदाराला दिले, आणि ते ठरवून दिले. आपला पैसा आपल्या माणसाच्या हातात खेळावा, ही भूमिका आम्हाला तेव्हा पटत होती, आजही पटते. करार मात्र स्टॅम्पपेपरवर केला. सिमेंट कोणते, सळई किती जाडीची, कोणत्या टप्प्याला किती पैसे, हे सगळे लिहिले. एकूण रकमेतले 5 टक्के पहिला पावसाळा पार पडेपर्यंत आमच्याकडे राहतील, असे कलमही घातले. पाहुणे हसले. म्हणाले, "जय भीमवाल्या माणसाशी कसला स्टॅम्पपेपर?"

जूनच्या दुसऱ्या पावसातच स्वयंपाकघराचा स्लॅब पाझरू लागला. पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल आली. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर प्लास्टरला उभ्या चिरा पडल्या, कारण तिथे जाळी मारलेलीच नव्हती. न्हाणीघरातले पाणी जाळीकडे न जाता बैठकीकडे यायचे. फरशीवर नाणे वाजवून पाहिले, तर कित्येक ठिकाणी पोकळ आवाज आला. खाली मसाला नीट भरलेला नव्हता.

ठेकेदाराला सांगितले तर उत्तर मिळाले, "नव्या घराला एवढे चालतेच. दोन पावसाळ्यांत आपोआप मुजेल." मग आम्ही बाहेरचा एक अभियंता बोलावला. त्याची फी दिली आणि लेखी अहवाल घेतला. गच्चीवर आळी बांधून पाणी साठवले, खाली कुठे उतरते त्याच्या खुणा केल्या, तारखेसह फोटो काढले. दोषांची क्रमवार यादी तयार केली आणि दुरुस्तीसाठी 15 दिवसांची मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवले.

पत्र पोहोचले आणि वस्तीत चर्चा सुरू झाली. "आपल्याच माणसाला नोटीस? गावातल्या बाकीच्यांना हसायला निमित्त." दोन ज्येष्ठ कार्यकर्ते घरी आले. त्यांचा हेतू चांगला होता आणि आम्ही त्यांचा मान राखला. पण आमचा प्रश्न साधा होता. हेच काम दुसऱ्या समाजाच्या ठेकेदाराने केले असते, तर तुम्ही आम्हाला गप्प बसायला सांगितले असते का? मोर्चाच काढला असता ना?

मुद्दा इथेच आहे. काम कसे झाले हे न पाहता ते कोणाच्या पोटी जन्मलेल्याने केले हे पाहायचे, याला काय म्हणतात? बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात नेमक्या याच गोष्टीवर घाव घातला. माणसाचे काम आणि त्याची किंमत त्याच्या गुणांवर न ठरता जन्मावर ठरते, हे जातीचे सूत्र. ते आपल्याविरुद्ध वापरले की अन्याय आणि आपल्या सोयीने वापरले की बंधुभाव, असे होत नाही. उलट, आपल्या ठेकेदाराचे काम काटेकोर तपासले गेले, तरच उद्या खुल्या बाजारात तो कोणाच्याही तोडीस तोड उभा राहील.

दुसरा प्रसंग यापेक्षा महत्त्वाचा आहे. पत्र मिळताच ठेकेदाराने सगळा दोष फरशीच्या मिस्त्रीवर ढकलला आणि त्याची उरलेली मजुरी अडवली. हा मिस्त्री आमच्याशी बोलला, तेव्हा वेगळाच हिशेब समोर आला. मजुरी चौरस फुटावर, त्यामुळे जितकी घाई तितके पोट. मसाल्याला सिमेंट कमी सोडायचे हा हुकूम वरून. जाळीचा गठ्ठा साइटवर आलाच नाही. स्लॅबला पाणी मारायला ठेवलेला बिगारी चौथ्या दिवशी दुसऱ्या साइटवर नेला. भारतीय मानक आयएस 456 सांगते की साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटच्या काँक्रीटला किमान 10 दिवस ओलावा द्यावा. आमचे सिमेंट पीपीसी होते. मग तो स्लॅब मिस्त्रीच्या हातामुळे पाझरला की ठेकेदाराच्या वहीमुळे?

आम्ही दुसऱ्या पत्रात स्पष्ट लिहिले की मजुरांची मजुरी अडवून केलेली भरपाई आम्हाला नको. बांधकामावरचे बिगारी, गवंडी, सेंट्रिंगवाले बहुतेक आपलेच भाऊबंद असतात. बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांचे नाव घेणाऱ्याने घरमालक झाल्याबरोबर मजुरावर डोळे वटारावेत, हे शोभत नाही. जाब विचारायचा तो पैसे घेऊन करार करणाऱ्याला.

शेवटी रोखलेल्या 5 टक्क्यांनी काम केले. मिस्त्रीची मजुरी चुकती झाली. गच्चीचे वॉटरप्रूफिंग नव्याने झाले, न्हाणीघर उखडून उतार दुरुस्त केला, सांध्यांवर जाळी मारून पुन्हा प्लास्टर केले. पोकळ फरशीचे प्रकरण अर्ध्यावर मिटले. तेवढी रक्कम कापून आम्ही हिशेब बंद केला. ठेकेदार आजही कार्यक्रमात भेटतो आणि आम्ही एकमेकांना जय भीम घालतो.

तो ऐकला नसता तर? ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये घरबांधणी ही 'सेवा' आहे. 1993 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणीतल्या त्रुटींना ग्राहक कायद्याखाली आणले होते. तक्रार कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करायची आणि त्यासाठी वकील सक्तीचा नाही. सदनिका बिल्डरकडून घेतली असेल, तर रेरा कायदा 2016 चे कलम 14(3) पाहा. ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत दाखवून दिलेला बांधकामाचा दोष बिल्डरने 30 दिवसांत स्वखर्चाने दूर करायचा आहे. गावाकडे प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल असेल, तर तिथे ठेकेदार असूच नये, असे योजनेच्या मार्गदर्शक सूचनाच सांगतात. तरी हप्ते परस्पर उचलणारे 'आपले' लोक गावोगाव दिसतात. त्यांना प्रश्न विचारणे हेही चळवळीचेच काम आहे.

म्हणून तरुणांना सांगणे एवढेच. करार लिहा. थोडी रक्कम पावसाळ्यापर्यंत रोखा. दोष दिसला की तोंडी भांडण्याऐवजी फोटो काढा, यादी करा, पत्र पाठवा आणि पोच जपून ठेवा. वस्तीत आपले सिव्हिल डिप्लोमा झालेले किती तरी तरुण आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीतली चालू बांधकामे पाहायला दिला, तर कित्येक घरांचे कर्ज पाण्यात जाणार नाही. समाजाचा माणूस म्हणून काम जरूर द्या. पण ते तपासून घ्या, आणि ज्याने घाम गाळला त्याला पुरी मजुरी मिळाली का, हेही विचारा.

जय भीम!