बैलांचें काय झालें?

शाळेंत असतांना 'आगगाडीचे फायदे' या विषयावर मीं एक निबंध लिहिला होता. अंतर तुटलें, माल स्वस्त झाला, दुष्काळांत धान्य पोंचूं लागलें, अशी यादी देऊन शेवटीं 'सारांश' म्हणून तेंच पुन्हां लिहिलें. मास्तरांनीं तो वर्गांत वाचून दाखविला. माझ्या बाकावरचा सोबती बंजारा होता; दोन कोसांवरील तांड्यांतून तो रोज पायीं येई. मधल्या सुटींत त्यानें हळूच विचारलें, "मग बैलांचें काय झालें रे?" मी हंसलों. बैलांचा आणि माझ्या निबंधाचा संबंधच मला कळला नाहीं.

तो कळण्यास पुष्कळ वर्षें लागलीं. आमचें खामगांव म्हणजे वऱ्हाडांतील कापसाची मोठी पेठ. रूळ येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बंजाऱ्यांच्या पाठाळ बैलांवर लादून सुमारें 500 मैलांवरील गंगाकांठच्या मिर्झापुरास जाई. समुद्रकांठचें मीठही अशाच गोणींतून देशावर येई. वाटेंत पाऊस गांठी, कापूस भिजे, बैल मरत. तो व्यापार सुखाचा होता असें म्हणणें ही लबाडी होईल.

1853 सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली गाडी गेली. 1863 सालीं बोरघाटांतून रूळ वर चढले. 1867 सालीं गाडी नागपुरास पोंचली. मुख्य मार्गानें खामगांव बाजूस टाकलें होतें, म्हणून जलंबहून सुमारें 8 मैलांचा फांटा काढण्यांत आला. तो 1870 सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनीं खुला केला. कापूस मुंबईकडे धांवूं लागला, आणि त्याच रुळांवरून विलायती कापड खेड्यापाड्यांत शिरलें. आमच्या पणजोबांची अडत या फांट्यामुळेंच भरभराटली. ज्या वाड्यांत बसून मीं तो निबंध लिहिला, तो वाडा त्याच पैशाचा.

रूळ जसजसे पसरले, तसतसें बैलांना ओझें मिळेनासें झालें. कोणी नांगर धरला, कोणी मोलमजुरीस लागले. 1871 सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला आणि पुढें कित्येक भागांतील बंजाऱ्यांनाही तो लागू करण्यांत आला. ज्यांच्या भरंवशावर व्यापारी आपला माल शेंकडों मैल धाडीत, त्यांच्यावरच चोरीचा संशय! तो कायदा रद्द होण्यास 1952 साल उजाडलें.

'तांडा' म्हणजे माल लादून चालणारा जथा. आज एके जागीं वसलेल्या बंजारा वस्तीलाही आपण तांडाच म्हणतों. माझा सोबती अशाच एका न चालणाऱ्या तांड्यांतून येत होता, आणि ती वस्ती कां थांबली हें माझ्या घराच्या जमाखर्चांत लिहिलेलें होतें.

तो निबंध आज पुन्हां लिहावयाचा झाल्यास यादींतील एकही फायदा मी खोडणार नाहीं. ते सारे खरेच आहेत. मात्र त्यांच्याखालीं सोबत्याचा प्रश्न लिहीन, आणि 'सारांश' लिहिण्याची घाई करणार नाहीं.