गच्चीवरचा अँटेना

गच्चीची गळती काढायला आलेल्या गवंड्याने काल विचारलं, "हा दांडा कापू का?" गंजलेल्या पाइपावर एका अंगाला कललेला जुना अँटेना. मी नको म्हटलं. का, ते त्याला सांगता आलं नाही.

१९८८ साल. मला कावीळ झाली होती. उसाचा रस, मऊ भात आणि दिवसभर आढ्याकडे बघत पडून राहणं. ३१ जुलैला 'रामायण' संपलं आणि रविवारची सकाळ ओकीबोकी झाली. मग कळलं, २ ऑक्टोबरला बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' सुरू होतंय, संवाद राही मासूम रझांचे. त्या तारखेवर बोट ठेवून मी दुखणं काढलं.

अण्णा रोज संध्याकाळी गच्चीवर जात, अँटेना तसूभर फिरवत आणि वरून विचारत, "आलं का?" माझा आवाज तिथवर पोचत नसे. जिन्यात उभी असलेली आई माझं उत्तर वर पोचवायची, "अजून मुंग्याच आहेत!"

पुढे काळाच्या तोंडी हरीश भिमाणींचा आवाज ऐकला, सगळे भाग पाहिले. तरी मनात खोल रुतून बसली ती वाट पाहण्याचीच संध्याकाळ. तेव्हा कर्णाला कुणा नटाचा चेहरा मिळाला नव्हता. आभाळासमोर, हात वर करून उभे असलेले अण्णाच मला कर्ण वाटायचे.

हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

गवंडी उद्या येणार आहे. दांड्याभोवतीनं गिलावा कर, असं सांगितलंय.