काळ्या पट्ट्यांची कैफियत

आपल्या व्यवसायाविषयी सामान्य वाचकास उमजेल असे काही लिहावे, अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा मनात प्रथम आले ते सीताबर्डीवरील माझ्या दुकानात गेल्या उन्हाळ्यात आलेले एक प्रकरण. एका गृहस्थांनी वृद्ध मातोश्रींसाठी प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ इंटरनेटवरून उतरवून घेतला होता आणि त्याची डीव्हीडी त्यांस हवी होती. मात्र पडदा काठोकाठ भरला पाहिजे, बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत, असा त्यांचा हुकूम होता. पुष्कळ समजावून मी पट्ट्यांसहच तबकडी दिली. परंतु घरच्या टीव्हीचे बटण ‘फुल’वर राहिल्याने मातोश्रींनी अखेर रुंदावलेलेच तुकोबा पाहिले, हे मागाहून कळले आणि ते शल्य अद्याप गेलेले नाही.

या चित्रपटाचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल यांच्या काळी चित्राची चौकट स्थूलमानाने ४:३ प्रमाणाची असे; आजचा टीव्ही १६:९ चा. ते चित्र ओढून या पडद्यावर बसविले, की प्रत्येक वस्तू एक तृतीयांशाने रुंदावते आणि तुकोबांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनिसांची ती अंतर्मुख मुद्रा सुजल्यासारखी दिसू लागते. न ओढता पडदा भरावयाचा, तर उंचीचा चतुर्थांश कापावा लागतो. काळी पट्टी म्हणजे हरवलेले चित्र, हा लोकांचा समज मला फार क्लेश देतो. कारण जेथे पट्टी आहे तेथेच चित्र संपूर्ण आहे.

आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीत दोन्ही प्रमाणांसाठी ठिपक्यांची संख्या एकच, ७२० गुणिले ५७६. हे ठिपके चौरस नसतात. चित्र कोणत्या प्रमाणात पसरावे याची नोंद तबकडीतील आयएफओ नामक दप्तरात असते, तशीच ती चित्राच्या प्रवाहातही असते, आणि या दोन नोंदींत विसंगती राहिली तर संगणकावर सुरेख दिसलेली तबकडी टीव्हीवर विद्रूप होऊ शकते.

येथे एका वादाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ४:३ हे प्रमाण पूर्ण ७२० ठिपक्यांचे, की मधल्या ७०४ चे? मूळ प्रमाणकानुसार खरे चित्र ७०२ ठिपक्यांच्या आसपासच असते, कडेचे ठिपके निव्वळ राखीव. म्हणून चित्र ७०४ मध्ये बसवून दोन्ही कडांना आठ-आठ ठिपके काळे सोडणे हेच शुद्ध, असे माझे ठाम मत आहे. अनेक सॉफ्टवेअर ७२० धरून चालतात, आणि सव्वादोन टक्क्यांचा हा फरक कोणाच्या डोळ्यास दिसतो, असे माझे समव्यावसायिक विचारतात. मला दिसतो. म्हणूनच मागणीच्या तबकडीआधी त्याच मापाची एक चाचणी-तबकडी काढून तिच्यातील वर्तुळ मी टीव्हीवर थांबवितो, पोलादी पट्टी काचेला लावून त्याची रुंदी आणि उंची मोजतो, आणि दोन्ही मापे जुळेपर्यंत ग्राहकाचे काम हाती धरीत नाही.