आधी मजकूर, मग कात्री
जुन्या ट्रेवर कागदी नक्षी चिकटवायची, म्हणजे डेकूपाज करायचे, तर आमच्या घरी आधी कागदांची छाननी होते. लग्नपत्रिका देखण्या, पण जाड. कडा वर येतात, वॉर्निशखालीही बोटाला लागतात. इंकजेटची छपाई ओल्या गोंदाने पसरते, लेझरची टिकते. पेपर नॅपकिनचा फक्त वरचा छापील पदर घ्यावा. तो पारदर्शक होतो, म्हणून खाली पांढरा रंग हवा. बिस्मिल्लाह किंवा आयत छापलेल्या पत्रिकेला मात्र आम्ही कात्री लावत नाही, फुले कितीही सुंदर असोत. चहाचे कप टेकतात तिथे ती अक्षरे नकोत. ती पत्रिका कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. आमच्या मुली आता आधी मजकूर वाचतात, मग कात्री उचलतात.